झोअरची लोहारशाळा

अमेरिकेच्या ओहायो राज्यातील झोअर या खेड्यात बहुतेक प्रवासी रमतात ते तिथल्या रेखीव बागेत. माझा वेळ मात्र लोहारशाळेत गेला. मूळ शाळा १८३४ ची असून आजची इमारत नंतर पुन्हा उभारलेली आहे.

धार्मिक छळाला कंटाळून जर्मनीतील व्युर्टेम्बर्ग सोडून आलेल्या, अधिकृत चर्चपासून वेगळे झालेल्या सेपरेटिस्ट पंथीयांनी जोसेफ बायमेलर यांच्या नेतृत्वाखाली १८१७ मध्ये हे गाव वसवले आणि १८१९ मध्ये सर्व मालमत्ता सामाईक केली. सभासदांना मजुरी नव्हती. विश्वस्तांनी नेमलेले काम करायचे आणि अन्न-वस्त्र सामाईक साठ्यातून घ्यायचे. आपल्याकडचा लोहार निदान सुगीला खळ्यावर जाऊन बलुते मागत असे. इथल्या लोहाराला त्याचीही गरज नव्हती, कारण ज्या शेताच्या नांगराचा फाळ तो धार काढून देई, त्या शेतात त्याचाही वाटा होता.

ऐरणीजवळ उभे राहिल्यावर एक गोष्ट ध्यानात येते, ती म्हणजे गावातला प्रत्येक व्यवसाय या शाळेच्या दारात येऊन थांबत असणार. सुताराने चाक कितीही नेटके केले, तरी लोखंडी धाव तापवून, ती फुगलेली असतानाच चाकावर चढवून, पाणी ओतून आवळल्याशिवाय गाडी शेतावर जाणार नाही. घोड्यांचे नाल, दारांच्या बिजागऱ्या, सुताराच्या पटाशीची धार, सारे इथूनच. लोहार आजारी पडला तर पेरणीच अडायची!

तरीही अशा गावाला सहज लावले जाणारे ‘स्वयंपूर्ण’ हे विशेषण मला थोडे सैलच वाटते. झोअरकरांच्या लोखंड गाळण्याच्या स्वतःच्या दोन झोतभट्ट्या होत्या हे खरे. पण अशा भट्टीतून निघते ते बीड, म्हणजे ठिसूळ ओतीव लोखंड, आणि कार्बनचे प्रमाण जास्त असल्याने ते घणाखाली वाढत नाही, तुटते. लोहाराला लागते ते घडीव लोखंड, त्यासाठी बीड पुन्हा शुद्ध करावे लागते. शिवाय गावाची जमीन उधारीवर घेतलेली होती आणि तिचे कर्ज फिटले ते बाहेरच्या पैशातून: १८२० च्या दशकात ओहायो-ईरी कालव्याचा गावाजवळचा भाग खोदण्याचे कंत्राट घेऊन, स्त्रियांनीही माती वाहून, या लोकांनी सुमारे २१,००० डॉलर मिळवले. स्वतःपुरते पिकवणाऱ्या या गावाचा बाजाराशी संबंध कधीच तुटलेला नव्हता, आणि पुढे कारखान्यांचा स्वस्त माल आल्यावर हाताने घडवलेल्या वस्तूंचा निभाव लागणे कठीण झाले. १८९८ मध्ये सभासदांनी समाज विसर्जित करून मालमत्ता आपसांत वाटून घेतली.