चूक समोरच्याची, मग क्लेम आपल्या कंपनीकडे का?

तुम्ही विचारलंत म्हणून: धडक दुसऱ्याने दिली, गाडीचा चेंदामेंदा झाला, तर पैसे त्याच्याच विमा कंपनीकडून का घेऊ नयेत? घेता येतात, पण त्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जाऊन त्याचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो, आणि त्यात फार काळ जातो. तुमची कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसी (स्वतःच्या गाडीचं नुकसानही भरून देणारी) असेल तर आधी तिच्यावर ओन डॅमेज क्लेम, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा दावा लावा. चूक तुमची नसली तरी नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट, जाईल. जाऊ द्या.

दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या (पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत) ७५ टक्क्यांवर गेला की टोटल लॉस, म्हणजे गाडी दुरुस्त न करता कंपनी आयडीव्ही देते. मेख अशी, की हा खर्च वर्कशॉपच्या एस्टिमेटवरून नव्हे, तर पॉलिसीप्रमाणे घसारा (भाग जुने झाल्याची घट) कापून धरतात. प्लास्टिक, रबर, बॅटरी, एअरबॅग यांवर ५० टक्के, लोखंडी भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे. समजा आयडीव्ही ६ लाख, म्हणजे मर्यादा साडेचार लाख. एस्टिमेट ५ लाखांचं, घसारा जाऊन उरले ४. सर्व्हेअर (नुकसान तपासणारा) म्हणणार, दुरुस्त करा. वरचा लाख तुमच्या खिशातून. झिरो डेप (घसारा न कापणारं जादा कव्हर) असेल तर तीच गाडी टोटल लॉसमध्ये बसते. म्हणून गाडी खोलून पाहिल्याशिवाय दुरुस्तीला होकार देऊ नका. वाकलेली चेसिस, तुटलेलं वायरिंग बाहेरून दिसत नाही. सापडलं की पुरवणी एस्टिमेट द्यायला लावा, टोइंगचा खर्चही त्यात धरायला सांगा.

टोटल लॉस ठरला की आयडीव्हीवर पुन्हा घसारा लागत नाही. सक्तीची वजावट तेवढी जाते: १५०० सीसीपर्यंत १००० रुपये, त्यापुढे २०००. स्वेच्छेची वजावट घेतली असेल तर तीही. गाडीवर कर्ज असेल तर पैसे आधी बँकेकडे जातात.

‘भंगार तुम्ही ठेवा, त्याची किंमत वजा करून देतो’ असं कंपनी म्हणाली, तर त्या किमतीला घेणारा कोण ते लेखी मागा. घेणारा पक्का नसेल तर गाडी कंपनीलाच देऊन पूर्ण आयडीव्ही घ्या. कुठल्याही परिस्थितीत चालू आरसी भंगारवाल्याच्या हाती देऊ नका. तुमचा नंबर चोरीच्या गाडीवर चढू शकतो. गाडी निकामी झाल्याचं १४ दिवसांत आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्या.

एकाच नुकसानीचे पैसे दोनदा मिळत नाहीत. आपल्या पॉलिसीतून न मिळालेला भाग मात्र समोरच्याकडून न्यायाधिकरणात मागता येतो, तेव्हा ‘फुल अँड फायनल’वर (सगळे पैसे मिळाले, आता मागणं नाही असा कागद) सही करण्याआधी वकिलाला दाखवा. दावा अपघातापासून सहा महिन्यांच्या आत लावा. एफआयआर, पंचनामा आणि समोरच्याच्या पॉलिसीचा तपशील जवळ हवा.

आपलीच कंपनी रक्कम कापत असेल तर तिच्याकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर आपल्या भागाच्या विमा लोकपालाकडे (विम्याच्या तक्रारी सोडवणारा अधिकारी) जा. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही.