पुराची गाडी नाही ना, एवढंच बघितलं

बडोद्यात २०२४ च्या ऑगस्टनंतर सेकंडहँड गाडी घेणं म्हणजे काय, हे इथे राहणाऱ्यालाच कळेल. विश्वामित्री नदीचं पाणी ३५ फुटांच्या वर गेलं होतं, सोसायट्यांच्या पार्किंगमधे गाड्या नुसत्या टपापर्यंत बुडल्या होत्या, मगरी रस्त्यावर आलेल्या, आणि त्यानंतर दोन-तीन महिन्यांत बाजारात एकदम चकाचक, धुतलेल्या, सुगंधी गाड्या विकायला यायला लागल्या. सुगंधी हे मुद्दाम लिहितोय. ज्या गाडीत अत्तराच्या दुकानासारखा वास येतो तिथून सरळ मागे फिरायचं हे तेव्हा आम्हा सगळ्यांचं पाठ झालं होतं.

तर त्या दिवाळीत आम्ही गाडी घेतली. सेडान, पेट्रोल, सहा वर्षं जुनी, एकाच हातातली, रंग चंदेरी. कंपनी कुठली ते लिहीत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते बऱ्याच कंपन्यांना लागू आहे आणि मला उगाच कुणाशी वाद घालायचा नाहीये. फर्स्ट ओनर दांडिया बाजारातल्या आमच्या काकांच्या ओळखीतले, सज्जन माणूस, नोकरीनिमित्त पुण्याला चालले होते म्हणून विकत होते. आता ओळखीतला माणूस म्हटला की आपण अर्धे आंधळे होतो, तरी मी आणि माझा मेहुणा दोघं टॉर्च घेऊन गेलो. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघितला, कारण पुराच्या गाडीत आतल्या पट्ट्यावर चिखलाची रेघ राहते, ती पुसायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. स्टेपनी काढून खालचा खड्डा बघितला. सीटच्या पटऱ्यांवर गंज आहे का, हेडलाईटच्या आत ओल आहे का, कार्पेट उचलून नाक लावून वास. काकू गॅलरीतून बघत होत्या, त्यांना वाटलं असेल हे चोर आहेत की गिऱ्हाईक. सगळं स्वच्छ निघालं, सर्व्हिसची बिलं फाईलमधे तारखेप्रमाणे लावलेली, व्यवहार ४ लाख ३५ हजारात ठरला, आणि मी घरी येऊन आईला म्हटलं की पुराची नाहीये, आता काळजी नाही.

काळजी सुरू झाली फेब्रुवारीत. आईला मावशीकडे सोडायला निघालो होतो, अकोटा-दांडिया बाजार पुलावर, संध्याकाळची साडेसहाची वेळ, आणि गाडी बंद. धक्का नाही, आवाज नाही, पंखा बंद करतो तसं इंजिन शांत. ब्रेक दाबला तर पहिल्यांदा लागला, दुसऱ्यांदा पेडल दगडासारखं कडक. (इंजिन बंद पडलं की ब्रेकला मिळणारी मदत एक-दोन दाबांतच संपते, हे मला पुस्तकातून माहीत होतं, पायाला त्या दिवशी कळलं.) मागून रिक्षावाल्यांचे हॉर्न, मी किल्ली फिरवतोय आणि गाडीला आणि स्वतःला शिव्या घालतोय, आणि आई शांतपणे म्हणाली, अरे बंद पडली तर पडली, तू ओरडू नकोस, तिला काय ऐकू येतंय. दहा मिनिटांनी चालू झाली, जणू काही झालंच नाही.

आमच्या नाक्यावरचा मेकॅनिक, चांगला माणूस आहे, त्याने निदान केलं "साहेब, पेट्रोलमां कचरो छे." थ्रॉटल बॉडी साफ, फिल्टर साफ, १,८०० रुपये. मार्चमधे परत बंद, यावेळी हायवेच्या सर्व्हिस रोडवर. स्पार्क प्लग बदलले, बॅटरीचे टर्मिनल घासले, २,४०० रुपये. एप्रिलमधे, ऊन चांगलं तापलेलं असताना, तिसऱ्यांदा. यावेळी स्कॅनर लावला तर एकही कोड, म्हणजे बिघाडाची नोंद, नाही. मेकॅनिकने हात वर केले आणि मला म्हणाला गाडी विकून टाका. म्हणजे ज्या गाडीने आईला पुलाच्या मधे उभं केलं ती मी दुसऱ्या कुणाच्या आईसाठी विकू? विचार आला होता, खोटं कशाला बोलू, दोन दिवस आला होता.

मग एका रात्री मी त्या मॉडेलच्या मालकांच्या तक्रारी वाचायला बसलो. रात्री दोन वाजेपर्यंत. आणि सांगतो, तक्रारी वाचणं हे सुद्धा एक शिकण्यासारखं काम आहे. शंभरातल्या ऐंशी तक्रारी मायलेजच्या असतात, कंपनी २० सांगते आणि मला १३ मिळतं, अरे बाबा तू सकाळी राओपुऱ्यातून गाडी काढतोस, तुला विमानाचं मायलेज मिळणार आहे का. मग एसी थंड करत नाही, मग म्युझिक सिस्टीम हँग होते, एकाला तर डॅशबोर्डचा रंगच आवडला नव्हता आणि त्याने चार परिच्छेद लिहिले होते. हे सगळं मी गाळत गेलो. मला शोधायचं होतं एकच वाक्य, वेगवेगळ्या गावांतल्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांनी लिहिलेलं. आणि ते सापडलं. एकजण नागपूरचा, एक कोइंबतूरचा, एक सुरतेचा, तिघांचं म्हणणं तेच की चालत्या गाडीत इंजिन बंद, लाईट नाही कोड नाही, दहा-पंधरा मिनिटं थांबलं की चालू. चौथ्याने खाली लिहिलं होतं, चासिस नंबर टाकून बघा, फ्युएल पंपाचा रिकॉल आहे, म्हणजे दोष निघाला म्हणून कंपनीने गाड्या दुरुस्तीला परत बोलावल्यात.

मेहुण्याला रात्रीच मेसेज केला, तो म्हणाला, दाजी, झोपा आता, सकाळी बघू. मी कसला झोपतोय.

कंपनीच्या साईटवर चासिस नंबर टाकायचा असतो, १७ अक्षरं-आकडे, आरसीवर असतो. मी तीनदा टाकला आणि तीनदा चुकीचा नंबर म्हणून लाल अक्षरं आली. मग लक्षात आलं की मी शून्याच्या जागी इंग्रजी ओ टाकत होतो. चासिस नंबरात ओ नसतोच, आय पण नसतो, क्यू पण नसतो, असा गोंधळ होऊ नये म्हणूनच ठेवलेले नाहीत. चौथ्यांदा बरोबर टाकला. एक रिकॉल पेंडिंग. फ्युएल पंप, बदलून मिळेल, विनामूल्य.

आता हे रिकॉल प्रकरण मी मग नीट समजून घेतलं. पंप असतो पेट्रोलच्या टाकीतच, बुडालेला, आणि त्यात एक छोटी प्लास्टिकची फिरकी असते जी पेट्रोल इंजिनाकडे ढकलते. काही बॅचमधे ती फिरकी पेट्रोल पिऊन फुगते, आजूबाजूच्या भिंतीला घासायला लागते आणि अडकते, पेट्रोल बंद, इंजिन बंद. हे एका कंपनीचं नाहीये. होंडाने २०२० मधे भारतात फ्युएल पंपासाठी ६५,६५१ गाड्या परत बोलावल्या, सगळ्या २०१८ साली बनलेल्या, त्यात १६,४३४ नुसत्या सिटी होत्या. त्याच वर्षी मारुतीने वॅगनआर आणि बलेनो मिळून १,३४,८८५ गाड्या फ्युएल पंपासाठीच बोलावल्या. २०२१ मधे सियाझ, अर्टिगा वगैरे १,८१,७५४ पेट्रोल गाड्यांचं मोटर जनरेटर युनिट तपासायला बोलावलं, आणि तोपर्यंत पाणी भरलेल्या रस्त्याने जाऊ नका अशी विनंती केली. बडोद्याच्या माणसाला पावसाळ्यात हे सांगणं म्हणजे गाडी घरीच ठेवा असं सांगणं आहे, पण ते असो.

आणि एअरबॅग. ज्याला दहा वर्षांच्या आसपासची किंवा त्याहून जुनी सेडान घ्यायची आहे त्याने ताकाता हे नाव लक्षात ठेवा. जपानची कंपनी, जगातल्या कितीतरी कंपन्यांना एअरबॅग पुरवायची. बॅग फुगवायला त्यांनी अमोनियम नायट्रेट वापरलं, ते वर्षानुवर्षं उष्णता आणि दमटपणा खाऊन बिघडतं आणि मग अपघाताच्या वेळी बॅग फुगण्याऐवजी तिचा लोखंडी डबाच फुटतो, तुकडे थेट बसलेल्या माणसाच्या अंगात. जगभरात साधारण १० कोटी असे डबे परत बोलवावे लागले, कंपनीने २०१७ मधे दिवाळं काढलं. भारतात होंडाने २०१८ च्या जानेवारीत २०१३ साली बनलेल्या २२,८३४ गाड्या या कारणासाठी बोलावल्या, त्यात २२,०८४ सिटी. आता त्यातल्या किती गाड्या तिसऱ्या-चौथ्या हातात गेल्या असतील त्याचा विचार करा. आणि हा दोष असा की गाडी चालवताना काही कळत नाही, बंद पडत नाही, आवाज नाही. माझा पंप बरा, निदान तीनदा सांगून तरी गेला.

कायदा आहे आपल्याकडे, नाही असं नाही. २०१९ च्या मोटार वाहन सुधारणेत रिकॉलचं कलम आलं, १ एप्रिल २०२१ पासून नियम लागू झाले, सरकार कंपनीला रिकॉल करायला लावू शकतं आणि दंड १० लाखांपासून १ कोटीपर्यंत. पण सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना. आपण मध्यमवर्गीय लोक सेकंडहँड घेतो तीच मुळात सहा-सात वर्षांची, म्हणजे कायद्याच्या दारातून गाडी बाहेर पडते आणि आपल्या दारात येते. अमेरिकेत सरकारी साईटवर कुठल्याही कंपनीचा चासिस नंबर एकाच ठिकाणी टाकता येतो, लोकांच्या तक्रारीही तिथेच वाचता येतात. आणि तरी तिथेही डीलर रिकॉल बाकी असलेली जुनी गाडी विकू शकतो, त्याला बंदी घालणारा देशभराचा कायदा नाही, हे वाचून मला जरा बरं वाटलं, का ते विचारू नका.

पुण्याला फर्स्ट ओनरना फोन केला. भांडायचं नव्हतं पण आवाज चढला असेल थोडा. ते म्हणाले, अहो हो, आला होता मेसेज दोन-तीनदा, मला वाटलं फ्री चेकअप कॅम्पची जाहिरात आहे, आणि पत्र बहुतेक मांजलपूरच्या जुन्या भाड्याच्या फ्लॅटवर गेलं असेल. मी काय बोलणार. माझ्याही फोनमधे असे पन्नास मेसेज न वाचता पडलेत. तारखेप्रमाणे बिलं लावणारा माणूस, त्याच्याकडून हे सुटलं, कारण रिकॉलचं पत्र गाडीच्या मागे येत नाही, पत्त्याच्या मागे जातं.

वर्कशॉपमधे पुढचं नाटक. सिस्टीममधे मोबाईल नंबर जुन्या मालकाचा, ओटीपी पुण्याला. पुण्याहून ओटीपी व्हॉट्सअ‍ॅपवर येईपर्यंत इथला एक्सपायर. शेवटी आरसीची झेरॉक्स देऊन मालकाचं नाव बदलून घेतलं, आणि हे काम गाडी ट्रान्सफर झाल्याच्या आठवड्यातच करायला पाहिजे होतं, आरटीओत नाव चढलं म्हणजे कंपनीकडेही चढलं असं मी धरून चाललो होतो. मग पार्ट यायला बारा दिवस. मग सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर म्हणे सर, सोबत इंजिन क्लीनिंग पण करून घ्या, ३,२०० होतील. मी म्हटलं दादा, फुकटचं तेवढं कर.

काम बघायला मी आत उभा राहिलो. आमच्या गाडीत पंप मागच्या सीटखाली आहे, सीट उचलली, आणि खाली एका कुटुंबाची सहा वर्षं पडलेली. लीलो चेवड्याचे वाळून खडे झालेले दाणे, एक शार्पनर, जेलुसिलचं रिकामं पान, आणि निळ्या फुलपाखराची केसांची क्लिप. टॉर्च मारून सगळं बघणारे आम्ही दोघं शहाणे, सीट काही उचलली नव्हती. वर्कशॉपच्या मुलाने गोल झाकण उघडलं, पेट्रोलचा भपकारा आला, आणि त्याने एक पांढरी प्लास्टिकची बरणीसारखी वस्तू बाहेर काढली, बाजूला तरंगणारा हात लटकतोय. मी म्हटलं जुना पंप मला द्या, बघतो उघडून. म्हणाला नाही साहेब, कंपनीला परत जातो. पाऊण तासात काम संपलं. बिलावर शून्य रुपये. ते बिल मी फाईलमधे तारखेप्रमाणे लावलंय.

त्यानंतरचा सगळा उन्हाळा गेला, एकदाही बंद पडली नाही. आई पुलावर आली की अजूनही वरचं हँडल धरते.

क्लिप आईने धुवून ठेवली, म्हणाली कुणाच्या तरी पोरीची आहे, विचार त्यांना. फोटो पाठवला. लगेच उत्तर आलं, हो हो धाकटीची, तिने घरभर शोधली होती, पण आता बॉयकट आहे हो. मग मी लिहिलं की तुम्ही तिकडे जी गाडी घेतलीत, तिचा चासिस नंबर टाकून बघितलात का. दोन निळ्या टिका आल्या. उत्तर अजून नाही.