गॅस ग्रिल नोंद: लहान ग्रिल निवडलं, पहिली आच लावली

निवड झाली, मंडळी. तीन बर्नर, 36,000 बीटीयू, सुमारे 400 चौरस इंचांची जाळी, ओतीव ॲल्युमिनियमची पेटी आणि दुहेरी पत्र्याचं झाकण. शेवटपर्यंत टक्कर होती ती चार बर्नरच्या, 48,000 बीटीयूच्या, 600 चौरस इंचांच्या ग्रिलशी. कागदावर ते दांडगं दिसतं. तरी मी लहान घेतलं, आणि त्यामागचा हिशेब आधी मांडते, कारण ग्रिल घेताना सगळ्यात जास्त दिशाभूल बीटीयूच्या आकड्यामुळे होते.

एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापवायला जेवढी उष्णता लागते, ती एक बीटीयू. ग्रिलच्या खोक्यावर छापलेला आकडा तासाभराचा असतो आणि सगळे बर्नर पूर्ण उघडले तर गॅस किती जळेल एवढंच तो सांगतो. जाळी किती तापेल, याबद्दल तो गप्प आहे. त्यासाठी मुख्य बर्नरांचे बीटीयू जाळीच्या क्षेत्रफळाने भागायचे. बाजूच्या शेगडीचे बीटीयू कधीकधी एकूण आकड्यात मिसळलेले असतात, ते आधी वजा करायचे. मोठ्या ग्रिलचा भागाकार आला 80, लहानाचा 90. म्हणजे एकूण आकडा 12,000 ने कमी असूनही दर चौरस इंचाला लहानच जास्त धग देतं. 80 ते 100 या पट्ट्यात ग्रिल असलं की चांगली खरपूस भाजणी जमते, असा आपल्या शौकिनांमधला ठोकताळा आहे. इन्फ्रारेड बर्नरला (तापलेल्या पृष्ठभागाच्या किरणांनी भाजणारा) तो लावू नका, तिथलं गणित वेगळं.

गॅसचा हिशेबही यातच निघतो. 9 किलो प्रोपेनमध्ये साधारण 4,30,000 बीटीयू असतात. तिन्ही बर्नर सतत पूर्ण उघडे ठेवले तरी सिलिंडर सुमारे 12 तास चालेल. एवढी आच आपण कधीच सलग ठेवत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात तो बराच जास्त पुरतो.

पण भागाकार हा अर्धाच भाग झाला. तयार झालेली उष्णता आत टिकते का, हे बघायला झाकण हाताने उघडून, बंद करून बघावंच लागतं. मोठ्या ग्रिलचं झाकण एकेरी पत्र्याचं होतं. कोपऱ्यावर बोटाने दाबलं की पत्रा आत जायचा, आणि बंद केल्यावर दोन्ही बाजूंना बोट शिरेल एवढी फट राहायची. जळलेले वायू बाहेर पडायला मागे झरोका हवाच, तो मुद्दाम ठेवलेला असतो. बाजूच्या फटी मात्र नुसती गळती. लहानाचं झाकण जड आहे आणि सोडलं की चारही कडांनी नीट बसतं. खालची पेटी ओतीव ॲल्युमिनियमची असल्याने तांबेरा चढत नाही, पावसाळी हवेतही ती टिकेल.

बर्नरच्या पोलादाला मी लोहचुंबक लावून बघते. 304 जातीच्या स्टेनलेस पोलादात साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं, त्याला चुंबक सहसा चिकटत नाही. 430 जातीत निकेल जवळपास नसतंच, तिथे चुंबक टचकन बसतो आणि गंजही लवकर धरतो. 304 ची नळी वाकवलेल्या जागी किंचित ओढ जाणवू शकते, त्याने दचकू नका. सपाट भागावर बघा.

जाळीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तो सत्कारणी लागला असं मला मनापासून वाटतं. बिडाची जाळी सावकाश तापते, पण तापली की थंड पदार्थ ठेवल्यावरही धग सोडत नाही. त्यामुळे रेघा ठसठशीत उमटतात. तिच्यावर पोर्सेलीनचा मुलामा असेल तर गंज लांब राहतो, मात्र धातूच्या खरवडणीने टवका उडाला की त्याच जागेवरून गंज आत शिरतो. स्टेनलेसची जाळी घ्यायची तर सळ्या जाड आणि भरीव हव्यात. बारीक सळ्यांच्या जाळीला मी हात लावणार नाही, ती पदार्थ ठेवताक्षणी थंड पडते. मी बिडाची, मुलामा दिलेली घेतली आणि सोबत लाकडी खरवडणी.

जाळी आणि बर्नर यांच्यामधे काय आहे, हे फार कमी जण वाकून बघतात. पूर्वी तिथे लाव्हाचे दगड पसरलेले असायचे. ते चरबी शोषून घेत आणि मग अवचित भडका उडे. 1985 मध्ये वेबर या अमेरिकी ग्रिल कंपनीने जेनेसिस हे ग्रिल आणलं, त्यात दगडांऐवजी घराच्या उतरत्या छपरासारखे पत्रे बर्नरवर बसवले होते. आज बहुतेक ग्रिलांमध्ये याच कल्पनेची कुठली ना कुठली आवृत्ती दिसते. वरून पडलेला थेंब तापलेल्या पत्र्यावर पडून त्याची वाफ आणि धूर होतो, तोच वर जाऊन पदार्थाला लागतो. उरलेलं खाली ट्रेमध्ये निथळतं. बर्नरची भोकं झाकलेली राहतात, हा फायदा वेगळाच. गॅसवरच्या भाजणीला जो धुरकट खमंगपणा येतो तो इथे जन्मतो, ज्योतीत नाही. म्हणून पत्रे जाड आहेत का आणि दोन पत्र्यांमधल्या मोकळ्या जागेतून ज्योत थेट दिसते का, हे जरूर बघा.

बाजूची शेगडी नको म्हटलं. इन्फ्रारेड बर्नरही सोडला. ठिणगीसाठी बॅटरीवर चालणारा खटका आहे, आणि खटका रुसला तर काडी लावायला पेटीच्या बाजूला भोक आहे. या भोकाची खात्री मी आधीच करून घेतली होती.

आता पहिल्या आचेबद्दल. आधी सगळ्या सांध्यांवर साबणाचं पाणी ब्रशने लावलं, बर्नरची बटणं बंद ठेवून सिलिंडर उघडला आणि बुडबुडे येतात का ते निवांत बघत बसले. कुठेच आले नाहीत. प्रोपेन हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असतो, गळला तर उडून जात नाही, खाली साचतो. म्हणून ही तपासणी सिलिंडर बदलला की दरवेळी करायची. झाकण उघडं ठेवूनच पेटवायचं, हे तर आहेच.

सिलिंडरची चावी हळूहळू उघडा, हेही आवर्जून सांगते. काही जोडण्यांमध्ये गळती रोखणारी सोय असते. चावी झटक्यात उघडली, किंवा बर्नर आधीच चालू असला, की तिला वाटतं नळी फुटली आहे आणि ती प्रवाह आवळते. मग ग्रिल दोष असल्यासारखं मिणमिणतं. उपाय सोपा आहे: सगळं बंद करायचं, रेग्युलेटर काढून थोडं थांबायचं, परत जोडायचं आणि चावी सावकाश फिरवायची.

ज्योत निळी आली, टोकाला जरा पिवळसर झाक. प्रोपेनला एवढं चालतं. संपूर्ण ज्योत पिवळी आणि लुळी दिसली तर बर्नरच्या तोंडाशी कोळ्याने जाळं केलंय का ते बघायचं. त्या अरुंद नळ्या कोळ्यांना फार आवडतात, आणि हवा अडली की ज्योत मागे बटणांच्या बाजूला पेटण्याचा धोका असतो. पहिली आच रिकाम्या जाळीवरच दिली, कारखान्यातल्या तेलाचा वास आणि धूर पूर्ण जाईपर्यंत.

मग पावाची चाचणी. तिन्ही बर्नर मध्यम आचेवर ठेवून ग्रिल तापवलं आणि अख्ख्या जाळीवर पावाचे काप कडेला कडा लावून मांडले. थोड्या वेळाने सगळे उलटले आणि त्याच क्रमाने फोटो काढला. मागची रांग गडद तपकिरी, उजव्या कोपऱ्यातल्या कापाची कड तर काळी. मधली रांग एकसारखी बदामी. पुढच्या रांगेतल्या डाव्या टोकाच्या कापावर फक्त फिकट रेघा, मधे पांढरा तसाच. हे अपेक्षितच होतं, कारण झरोका मागे आहे आणि गरम वायू तिकडेच ओढले जातात. मला मधल्या रांगेचा एकसारखेपणा बघून फार आनंद झाला. माझं बहुतेक काम तिथेच होणार आहे.

तीन बर्नरांचा आग्रह होता तोही यासाठी. एका बाजूचा पेटवायचा, उरलेले दोन बंद, झाकण लावायचं: एकीकडे थेट आच, दुसरीकडे झाकणाखालची संथ उष्णता. अशा वेळी झाकणातल्या तापमापकावर विसंबू नका. तो वरच्या हवेचं तापमान सांगतो. माझ्याकडे तो 200 अंश सेल्सियस दाखवत होता तेव्हा बंद बर्नरच्या बाजूला जाळीवर ठेवलेल्या तापमापकाची सुई 165 वर होती. शिजवायचं ते जाळीपाशी मोजून.

वाऱ्याचा परिणाम अजून नीट तपासायचा आहे. मागच्या झरोक्यातून वारा आत शिरला तर गरम हवा पुढे बटणांकडे ढकलली जाते, म्हणून तूर्त मी ग्रिल आडवं वळवून ठेवलं आहे. पुढच्या वेळी वारा असताना पावाचे काप पुन्हा मांडणार आहे, यावेळी फक्त उजवा बर्नर पेटवून, आणि दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवून बघू.