उंच टाकीचं भूकंपरोधक डिझाइन: माझा अनुभव

इमारतीचं वजन मजल्यामजल्यावर वाटलेलं असतं. उंच पाण्याच्या टाकीत जवळजवळ सगळं वजन माथ्यावर आणि खाली मोजके कॉलम. एक जोड निकामी झाला तर भार उचलायला दुसरं कोणी नाही. डिझाइन हातात घेतलं तेव्हा मला खरी काळजी होती ती या स्टेजिंगची, म्हणजे टाकी पेलणाऱ्या खालच्या सांगाड्याची.

टाकी १० मीटर व्यासाची, पाणी ४ मीटर, म्हणजे सुमारे ३ लाख लिटर. जमीन हलली की हे पाणी सगळं मिळून हलत नाही. काही भिंतीला धरून राहतं, काही वर डचमळतं. भूकंप अभियंते हाउसनर यांनी १९६३ साली मांडलेलं, या दोन भागांना दोन वेगळी वस्तुमानं धरणारं मॉडेल मीही वापरलं. निम्म्याहून थोडं जास्त पाणी डचमळणारं निघालं, त्याचा दोलनकाल, म्हणजे एका पूर्ण हेलकाव्याचा वेळ, साधारण साडेतीन सेकंद. इतक्या संथ हेलकाव्याला भूकंपाचा जोर कमी मिळतो. स्टेजिंगला मुख्य हिसका बसतो तो भिंतीबरोबर हलणाऱ्या पाण्याचा आणि खुद्द टाकीच्या वजनाचा. डचमळणाऱ्या पाण्यासाठी छताखाली पुरेशी मोकळी जागा मात्र ठेवली.

मग टाकी भरलेली आणि रिकामी, अशा दोन्ही स्थितींत तपासली. रिकामी असताना बल कमी येतं, पण कॉलम दाबून धरणारं वजनही कमी होतं, म्हणून पायाला उचल येते का हे बघावंच लागतं. बलाची दिशाही फिरवून पाहिली, कारण कॉलमला जी दिशा सर्वात वाईट ती ब्रेसला, म्हणजे कॉलम एकमेकांना जोडणाऱ्या आडव्या तुळईला, नसते.

गोल शाफ्टवर, म्हणजे काँक्रीटच्या पोकळ नळकांड्यावर, टाकी उभारायचा पर्याय होता. २००१ च्या भूज भूकंपात अशा बऱ्याच शाफ्टना तळाजवळ आडव्या भेगा पडल्या होत्या. पातळ भिंतीत तडा गेल्यावर ताकद लगेच घसरते. आम्ही कॉलम-ब्रेसची चौकटच धरली.

खरा कस लागला साइटवर. कॉलम आणि ब्रेस जिथे भेटतात तिथे सळयांची इतकी दाटी की सळई बांधणारे म्हणाले, "साहेब, जोडात रिंगा बसत नाहीत, वर-खाली बांधतो." रिंगा म्हणजे उभ्या सळयांभोवतीचे आडवे वेढे. हे मी मान्य केलं नाही. चौकट सगळ्यात जास्त पिळवटते ती तिथेच, आणि आतलं काँक्रीट बांधून ठेवतात त्या रिंगाच. कॉलम थोडा मोठा केला, काँक्रीट घट्ट बसवणाऱ्या व्हायब्रेटरची सुई खाली जाईल एवढी वाट काढली. प्रत्येक रिंगेचा हूक १३५ अंशात आत वळलाय हे बघूनच काँक्रीट ओतायला परवानगी दिली.