अकरा वाजता साडेपाच

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यातून दिवाणजींचा फोन आला. "सर, अकरा वाजलेत अन् कॉम्प्युटर साडेपाच दाखवायलाय. बिलं तशीच निघायलीत."

मशीन जुनं, सहाव्या पिढीचा आय-थ्री. विंडोज ११ ला इंटेलचा निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट तर १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणून आदल्या दिवशी विंडोजच्या शेजारी लिनक्स मिंट ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम बसवली होती. हिशेबाचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं, त्यामुळे विंडोज पुसलं नाही. घाईने पुसूही नये.

घड्याळ मागे पडलं की लोक आधी मदरबोर्डवरचा सेल बदलतात. फरक बरोब्बर साडेपाच तासांचा असेल तर सेलचे पैसे वाचवा. मिंट मदरबोर्डच्या घड्याळात ग्रिनिचची वेळ लिहितं, विंडोज तीच भारताची वेळ समजून वाचतं. मिंटच्या टर्मिनलमध्ये, म्हणजे आदेश टाइप करायच्या खिडकीत, 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १' एवढी एक ओळ दिली, मग विंडोजमध्ये जाऊन वेळ एकदा दुरुस्त केली. संपलं.

खरा घोळ पुढेच होता. मालकांनी मिंट सुरू केलं आणि विचारलं, "माझा डी ड्राइव्ह कुठं गेला?" सी, डी ही अक्षरं इथे नसतातच. फाइल मॅनेजरच्या डाव्या पट्टीत तोच ड्राइव्ह त्याच्या लेबलने दिसतो. उघडला, पार्ट्यांची पत्रं दिसली. पण एकही फाइल सेव्ह होईना.

विंडोजचं 'शटडाऊन' हे पूर्ण बंद होणं नसतं. फास्ट स्टार्टअप चालू असलं की ते अर्धवट झोपतं आणि ड्राइव्हचा काही हिशेब स्वतःच्या कॅशमध्ये ठेवून जातं. अशा ड्राइव्हवर लिहिलं तर डेटा बिघडेल, म्हणून मिंट तो फक्त वाचायला देतं. इथे जबरदस्तीने लिहायला लावणारे आदेश नेटवर सापडतात. त्यांच्या नादी लागू नका. विंडोजमध्ये कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू' इथे जा. फास्ट स्टार्टअपची टिक फिकट दिसते, ती निघत नाही. आधी वरची 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' ही निळी ओळ दाबायची. टिक काढून शटडाऊन केलं, मिंट लावलं, फाइल सेव्ह झाली.

प्रिंटर एचपी लेझरजेट १०२०. मिंटने तो आपसूक ओळखला, 'प्रिंट झालं' असंही सांगितलं, कागद मात्र हलला नाही. या प्रिंटरच्या पोटात फर्मवेअर, म्हणजे त्याला चालवणारा प्रोग्राम, राहत नाही. चालू केला की दर वेळी कॉम्प्युटरने ते पाठवायचं. त्यासाठी एचपीलिप या एचपीच्या लिनक्ससाठीच्या प्रिंटर सॉफ्टवेअरचं वेगळं प्लगइन नेटवरून उतरवावं लागतं, आणि एचपीलिप अपडेट झालं की प्लगइन पुन्हा. प्लगइन घालून प्रिंटर बंद-चालू केला.

जुन्या मराठी पत्रांत 'नमस्कार'च्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसत होता. ती युनिकोडच्या, म्हणजे सगळीकडे सारखी दिसणारी अक्षरं येण्याच्या, आधीची. विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधला तोच फॉन्ट मिंटमध्ये टाकला की वाचता येतात. नवीन पत्रं इनस्क्रिप्ट या युनिकोड कीबोर्डनेच टाइप करायची, हे दिवाणजींना फारसं पटलं नाही.

निघताना मॉनिटरच्या कडेला चिठ्ठी चिकटवली: 'विंडोजचं मोठं अपडेट झालं की फास्ट स्टार्टअपची टिक बघणे.' ती कधीकधी आपोआप परत येते.