तुम्ही विचारलंत म्हणून: कुठला हेडफोन घेऊ?

"घरी सॅम्पल्ड पियानो (कीबोर्डने कॉम्प्युटरवर वाजणारा, खऱ्या पियानोच्या रेकॉर्ड केलेल्या सुरांचा) रेकॉर्ड करायचाय, हेडफोन कुठला घेऊ?" हे मला लग्नाच्या पंगतीत विचारून झालंय, दवाखान्यात नंबर लावून बसलो असताना विचारून झालंय. नाव सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "त्यापेक्षा स्वस्तात काही?" म्हणून एकदाच लिहून टाकतो.

आधी चिडचिड. "क्लोज्ड-बॅकच लागेल ना?" म्हणजे मागून बंद, आवाज बाहेर न सोडणारा. का लागेल? तो गाणाऱ्याला लागतो, कानातला आवाज माइकमध्ये शिरू नये म्हणून. तुमच्यापुढे माइक आहेच कुठे? पियानो कुणीतरी कुठल्यातरी स्टुडिओत कधीच रेकॉर्ड करून ठेवलाय, तुम्ही नुसत्या पट्ट्या दाबताय. आणि ब्लूटूथचं नाव काढू नका. बफर, म्हणजे कॉम्प्युटर आवाज थोडा साठवून मग सोडतो तो साठा, १२८ सॅम्पलवर आणून त्याचा उशीर जेमतेम ३ मिलिसेकंदांवर आणायचा आणि त्यावर बिनतारी हेडफोनने शंभर-दीडशेची भर घालायची! बोट आत्ता, सूर मागाहून.

पण मीसुद्धा वर्षानुवर्षं बेधडक सांगत होतो, "मिडी आहे ना? मग कुठलाही चालेल. नंतर आख्खा पियानो बदलता येतो." (मिडीत आवाज नसतो, कुठली पट्टी कधी आणि किती जोरात दाबली याची नुसती नोंद असते.) ज्यांना सांगितलं, त्यांच्यासमोर आज कान पकडतो.

झालं असं. पुण्याच्या कॅम्पातल्या आमच्या पियानोच्या बाई ऐंशीच्या झाल्या. जुन्या विद्यार्थ्यांनी ठरवलं, प्रत्येकाने एकेक तुकडा घरी वाजवून पाठवायचा आणि सगळे बाईंना एका छोट्या हॉलमध्ये ऐकवायचे. मी राहतो नारायण पेठेत, नदीपात्राच्या बाजूला. दिवस गणपतीच्या आधीचे, म्हणजे संध्याकाळ झाली की ढोलपथकांचा सराव सुरू. (ढोलाबद्दल तक्रार नाही. मीही दोन वर्षं ताशा बडवलाय.) माझ्याकडे तेव्हा भरपूर बेसचा एक क्लोज्ड-बॅक होता. क्लोज्ड-बॅक बाहेरचं बोलणं अडवतो, रिक्षाचा हॉर्न बराचसा अडवतो. ढोलाचा खर्ज मात्र गादीतून, भिंतीतून, खुर्चीतून येतो, त्याला काय अडवणार? मग मी आवाज वाढवला. दुसऱ्या दिवशी आणखी.

कानात पियानो असा भरून वाजत होता म्हणता! खालचे सूर गडगडताहेत, वरचे चमकताहेत. आठ दिवस खपून तुकडा पाठवला.

हॉलमध्ये माझा नंबर पाचवा. पहिल्या चार सुरांतच पोटात गोळा आला. कुठे चढ नाही, उतार नाही. कुणीतरी पियानोवर रजई टाकल्यासारखं सगळं करडं. साडेतीन मिनिटं मी खुर्चीच्या दांड्याकडे बघत बसलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पुण्यात वाजवतात तशा, मोजून. बाहेर चहाच्या टेबलाशी बाईंनी माझा दंड धरला आणि हळूच विचारलं, "आजारी होतास का रे?"

रागावल्या असत्या तर परवडलं असतं.

घरी येऊन फाइल उघडली. मिडीत वेलॉसिटी, म्हणजे पट्टी किती जोरात दाबली त्याचा आकडा, १२७ पर्यंत जाते. माझे जवळजवळ सगळे सूर ३५ ते ६० मध्ये. कानात आवाज मोठा, म्हणून बोटं आपोआप हलकी पडत गेली. आणि सॅम्पल्ड पियानोत हळू वाजवलेला सूर म्हणजे जोरकस सुराची लहान आवृत्ती नसते, ते वेगळं रेकॉर्डिंगच असतं, मऊ आणि मंद. मोठ्या आवाजात कानाला खालचे आणि वरचे सूर दोन्ही जास्त भासतात, त्यामुळे तो मंदपणा मला कळलाच नाही. हॉलने आवाज बेताचा ठेवला आणि पितळ उघडं पडलं.

मग माझा तो जुना युक्तिवाद. सगळ्या वेलॉसिटी २५ ने वाढवून बघितल्या. पियानो ओरडायला लागला. पेडल कधी सोडायचं, कुठल्या सुरावर थांबायचं, डावा हात किती दाबायचा, हे सगळं मी त्या खोट्या आवाजाला उत्तर म्हणून वाजवलं होतं. पियानो बदलता येतो हो, ते उत्तर कसं बदलणार?

नंतर ओपन-बॅक, म्हणजे मागून उघडा, घेतला, सेनहायझरचा एचडी ६००. तो ३०० ओहमचा, म्हणजे त्याला जास्त जोर लागतो, तेव्हा आपला इंटरफेस (कॉम्प्युटरला जोडलेली, हेडफोन लावायची पेटी) त्याला पुरतो का, ते आधी बघा. माझ्या जुन्या इंटरफेसवर नॉब शेवटाला टेकायचा. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० क्लोज्ड असून ३२, ८०, २५० ओहम अशा वेगवेगळ्या प्रकारांत मिळतो. दुकानात डबा नीट वाचा. सगळ्यात खालची पट्टी २७.५ हर्ट्झची, पण खऱ्या पियानोतही तिथे मूळ सूर दुबळाच असतो, आपण ऐकतो ते त्याच सुरातले वरचे उपस्वर. ती पट्टी हेडफोनमध्ये ढोलासारखी घुमली तर तो हेडफोन ठेवून द्या.

हे सगळं ठामपणे लिहिलं खरं. पण दोष हेडफोनचा होता की आवाजाच्या नॉबचा? नॉब खाली असता तर तोच हेडफोन चालला असता का? बायको म्हणते, "तू आठ दिवसांत एकदाही स्पीकरवर ऐकलं नाहीस, त्याचं काय?" याला माझ्याकडे उत्तर नाही. शिवाय ओपन-बॅकमधून रात्री तिला किणकिण ऐकू येते, आणि खालच्या काकूंनी परवा विचारलं, "रात्री अकराला तुमच्याकडे लाटणं कोण आपटतं?" ते पट्ट्यांचं. त्यावर कुठलाच हेडफोन नाही.

ऑक्टोबरात पंखा फुल लागतो, तेव्हा मी गुपचूप पुन्हा क्लोज्ड-बॅक काढतो. नॉबवर मात्र नेलपॉलिशची एक खूण केली आहे, तिच्यापुढे जायचं नाही. तो तुकडा आजवर चार वेळा नव्याने वाजवून झाला. बाईंना अजून पाठवलेला नाही.