बाहुलीची दुरुस्ती: डोळा मिटायला लागला, केस निम्मे ओवून झाले

माझ्या लहानपणीच्या बाहुलीचा अडकलेला डावा डोळा अखेर सुटला. आता आडवी केली की दोन्ही पापण्या एकदम मिटतात. डोळ्याच्या मागे बारीकसं वजन असतं, त्यावर ही उघडझाप चालते. तिथल्या आसाला गंज धरला होता. हेअर ड्रायरने मान कोमट करून डोकं अलगद काढलं आणि आतून सुईच्या टोकाने शिलाई मशीनच्या तेलाचा एवढासा थेंब सोडला. पाणी मात्र डोळ्यांच्या आसपासही नको, गंज वाढतो.

अंगाचा चिकटपणा हे न संपणारं काम आहे. पीव्हीसी, म्हणजे बाहुलीचं व्हिनाइल प्लास्टिक, मुळात कडक. बाहुलीचे गाल मऊ व्हावेत म्हणून त्यात प्लास्टिसायझर घालतात, जुन्या बाहुल्यांत बहुधा थॅलेट जातीचा. वर्षानुवर्षं तो हळूहळू बाहेर झिरपतो आणि त्यावर धूळ बसते. सौम्य साबणाच्या कोमट पाण्यात फडकं पिळून पुसलं की अंग स्वच्छ होतं, काही महिन्यांनी पुन्हा चिकट लागतं. अ‍ॅसिटोनला हात लावू नका, प्लास्टिकच खराब होतं. हवाबंद पिशवीतही ठेवू नका. थंड, अंधारी, हवा खेळती असलेली जागा सगळ्यात बरी.

खरा वेळ जातोय तो केसांत. जुने नायलॉनचे केस पार पिंजारले होते, म्हणून काढून टाकले आणि आता सरान या कृत्रिम धाग्याचे ओवतेय. सरान जरा जड असतं, त्यामुळे केस छान खाली पडतात. कपाळाजवळ आणि भांगाला भोकं दाट असतात, मागे विरळ. मी मागून सुरुवात केली आणि आता कानांपर्यंत आलेय. या बाहुलीचे कपडे शिवताना मी दिव्याशिवाय सुईत दोरा ओवायची. आता चाळिशी लावूनही भोकं दिसत नाहीत, भिंगाचा दिवा लागतो. अंगठ्याचा सांधा ठणकायला लागला की काम बंद. मला याचं वाईट वाटत नाही. उलट लहानपणी जिला घाईघाईने विंचरायची, तिच्या एकेका बटेला आता वेळ मिळतोय.

तेव्हा मी तिची आई होते. आज ती नातीच्या वयाची दिसते. चेहरा चारेक वर्षांच्या मुलीचा आणि कातडी माझ्याच वयाची, हे काम करताना फार जाणवतं.

गालावरची बॉलपेनची रेघ काढली. शाई व्हिनाइलमध्ये मुरते, घासून जात नाही. बेंझॉइल पेरॉक्साइडचं मुरुमांवरचं मलम लावून, वर पातळ प्लास्टिक गुंडाळून उन्हात ठेवलं, रेघ फिकी होत गेली. यात मूळ रंगही उडू शकतो, म्हणून रोज पाहावं लागतं.

दंडावर एक निळा ठिपका आहे. ते मी तिला दिलेलं इंजेक्शन. मलम हाताशी होतं, तरी त्याला लावलं नाही आणि लावणारही नाही. जाणकार म्हणतील दुरुस्ती अर्धवट राहिली. माझ्या मते कारखान्यातून निघाली तशी करायला ती माझ्याकडे राहिलेलीच नाही.

पुढचं काम भांगाचं. तिथे दुहेरी ओळ आहे आणि टाळूचं व्हिनाइल कडक झालंय, म्हणून प्रत्येक वेळी थोडी ऊब देऊनच सुई घालणार आहे. कुणी अशा कडक टाळूवर काम केलं असेल तर सुई कितपत जाड घेतली ते सांगा.